निर्णय घेण्याआधी डोक्यातलं चित्र कागदावर कसं उतरवायचं

आधी एक खेळ खेळून बघा. दोघांनी बसायचं, १ ते ९ आकडे कागदावर लिहायचे, आळीपाळीने एकेक आकडा उचलायचा, एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळणार नाही, आणि ज्याच्याकडच्या कुठल्याही तीन आकड्यांची बेरीज बरोबर १५ होईल तो जिंकला. दोन-तीन चालींतच डोकं जड होतं. समोरच्याकडे ८ आणि ३ आहेत म्हणजे त्याला ४ हवा, माझ्याकडे ५ आणि ६, थांब, म्हणजे मलाही ४च हवा... हे सगळं तोंडी धरून ठेवताना एखादी जोडी निसटतेच.

आता तेच आकडे असे मांडा: वरच्या ओळीत ४ ९ २, मधे ३ ५ ७, खाली ८ १ ६. आडवी, उभी, तिरकी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज १५. म्हणजे हा खेळ आपला फुली-गोळाच आहे! नियम तेच, आकडे तेच, तुमची बुद्धीही तेवढीच, फक्त मांडणी बदलली आणि जे मघाशी सुटत होतं ते आता नुसतं बघून दिसतंय. माणूस निर्णय कसे घेतो याचा अभ्यास करणारे अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी हा खेळ नेमकं हेच दाखवायला वापरला होता.

सायमन यांनी १९५५च्या लेखात मांडलं की माणसाकडे वेळ, माहिती आणि हिशोब करायची ताकद तिन्ही मर्यादित असतात, त्यामुळे तो सगळे पर्याय तोलून सर्वात उत्तम निवडतो हे गृहीतच चुकीचं आहे. यालाच बाउंडेड रॅशनॅलिटी म्हणतात, आणि १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती ही, की आपण जगातून निवड करत नाही, डोक्यात बनवलेल्या छोट्याशा चित्रातून करतो. एका वेळी मनात साधारण चार-पाच गोष्टीच धरता येतात, बाकीच्या चित्राबाहेर. म्हणून निर्णयावर घासाघीस करण्याआधी चित्र तपासायचं.

सुरुवात अशी करा, प्रश्न जसा मनात येतो तसाच लिहा, सुधारून नाही. मी नोकरीबद्दल लिहिलं होतं, "रोज उशीर होतो, घरी वेळ देता येत नाही, सोडू की नको?" बस्स, दोन ओळी. कित्येक आठवडे मी याच दोन ओळींवर रात्र-रात्र विचार करत होतो आणि कागदावर बघितल्यावर कळलं की यात पर्याय खरं तर एकच आहे, सोडणे, आणि दुसरा म्हणजे त्याचा नकार. "करू की नको" असा प्रश्न दिसला की त्याखाली लिहा, "हे करताच येत नसतं तर मी काय केलं असतं?" माझं उत्तर आलं, शिफ्ट बदलून मागितली असती. ती मी एकदाही मागितली नव्हती, कारण ती चित्रातच नव्हती.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक नेमकी हीच गाळतात. १९७८ साली फिशहॉफ, स्लोविक आणि लिक्टनस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गाडी सुरू न होण्याच्या कारणांचा तक्ता दिला, बॅटरी, इंधन, इग्निशन वगैरे आणि शेवटी "इतर", आणि प्रत्येक कारणाची शक्यता किती ते विचारलं. मग काही जणांना दिलेल्या तक्त्यातून मोठमोठी कारणं काढूनच टाकली. खरं तर ती सगळी "इतर"मध्ये जायला हवी होती, पण लोकांनी "इतर"चं वजन थोडंसंच वाढवलं, गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिकसुद्धा यातून सुटले नाहीत. म्हणजे तुमची यादी तुम्हाला पूर्ण वाटतेय यावरून ती पूर्ण आहे असं अजिबात होत नाही. उपाय साधा आहे, जवळच्या माणसाला फक्त परिस्थिती सांगा आणि त्याची यादी वेगळी लिहायला लावा. आपली आधी दाखवायची नाही, दाखवली की तोही तुमच्याच चित्रात शिरतो.

मग शब्द उलटे करून बघा. १९८१ साली ट्व्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, साथीत ६०० जीव धोक्यात आहेत, खात्रीने २०० वाचवायचे की सगळे वाचण्याची एक तृतीयांश शक्यता घ्यायची, नाहीतर कोणीच वाचणार नाही? ७२ टक्के लोकांनी खात्री निवडली. दुसऱ्या गटाला तेच "खात्रीने ४०० मरतील" असं सांगितलं तर ७८ टक्क्यांनी जुगार निवडला. आकडे तेच. तेव्हा तुमच्या कागदावर "सोडलं तर काय जाईल" लिहिलं असेल तर शेजारी "राहिलो तर काय जाईल" हेही लिहाच, आणि दोन्ही वाचून कौल बदलत असेल तर अजून ठरवू नका, कारण सध्या निर्णय तुम्ही नाही, वाक्य घेतंय.

शेवटी थांबायचं कुठे ते पर्याय बघायच्या आधी ठरवा. सायमन यांचं म्हणणं होतं की माणूस "एवढं असलं तरी चालेल" अशी पातळी मनात धरतो आणि ती गाठणारा पहिला पर्याय घेतो. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ती पातळी लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक नवीन पर्यायासोबत ती सरकत राहते. तीन अटी पुरे. मी लिहिल्या होत्या, सातच्या आत घरी, पगार आत्तापेक्षा कमी नाही, काम ओळखीचं. बरेच पर्याय बघूनही काहीच बसत नसेल तर एक अट, एकच, सैल करा आणि कुठली केली ते तारखेसकट लिहा. मी पगाराची केली. शिफ्ट मागितली, मिळाली, रात्रपाळीचा भत्ता गेला, आणि साडेसहाला घरी यायला लागलो.