शीतपेयाची ॲसिडिटी: ब्युरेट भरण्याआधी

बीएस्सी केमिस्ट्री करून शीतपेयांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये येणारी मुलं 'टायट्रेशन तर येतंच' म्हणत येतात. टायट्रेशन म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून अल्कली थेंबथेंब सोडून सॅम्पलमध्ये ॲसिड किती ते मोजणं. येतंही. पण कॉलेजात द्रावण तयार मिळायचं. इथे सॅम्पल फसफसत समोर येतं.

तेव्हा आधी गॅस घालवा. विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही कॉस्टिक (ब्युरेटमधलं कॉस्टिक सोड्याचं द्रावण) खातो आणि रीडिंग फुगतं. मॅग्नेटिक स्टररवर बुडबुडे थांबेपर्यंत ढवळा. उकळणार असाल तर आधी पिपेटने मोजून घ्या, मग उकळा. उलट केलंत तर पाणी उडून आटलेलं सॅम्पल मोजाल.

कॉस्टिक सोडा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो. वजन करून केलेल्या 0.1 नॉर्मल (म्हणजे ठरावीक तीव्रतेच्या) द्रावणावर विसंबू नका. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने स्टँडर्डाइझ करा, म्हणजे त्याची खरी तीव्रता तपासून घ्या.

लिंबाच्या चवीचं पारदर्शक पेय सोपं. 10 मिली सॅम्पल, फिनॉल्फथॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या सूचकाचे) दोन-तीन थेंब, आणि अर्धा मिनिट टिकणारी अगदी फिकट गुलाबी छटा. गडद गुलाबी दिसायला छान, पण तोवर एंड पॉइंट, म्हणजे थांबायची खूण, मागे पडलेला असतो. 3 मिली कॉस्टिक लागलं तर 3 × 0.1 × 64 × 100 ÷ (1000 × 10), म्हणजे 0.19 टक्के सायट्रिक ॲसिड. हा 64 कुठून आला, हे व्हायवात आणि इंटरव्ह्यूत हमखास विचारतात: रेणुभार 192, सुटणारे हायड्रोजन तीन, म्हणून 192 ÷ 3.

खरी गंमत कोलात. पाणी घालून फिकट केलं तरी हरकत नाही, ॲसिड तेवढंच राहतं. पण तपकिरीवर गुलाबी शोधत बसण्यापेक्षा पीएच मीटर लावा. शिवाय इथे मुख्य ॲसिड फॉस्फरिक. सायट्रिकसारखं याला डोळे मिटून तीनने भागू नका. त्याचा पहिला हायड्रोजन पीएच 4.7च्या आसपास संपतो, दुसरा 9.5च्या पुढेमागे, तिसरा इतका चिवट की पाण्यातल्या टायट्रेशनमध्ये धड दिसतच नाही. फिनॉल्फथॅलिनच्या सवयीने 8.2ला थांबलात तर दुसरा अजून पुरता संपलेला नसतो. कुठे थांबलात ते रिपोर्टमध्ये लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

पीएच आणि ॲसिडिटी एक समजू नका: पीएच त्या क्षणी सुटे असलेले हायड्रोजन आयन दाखवतो, टायट्रेशन एकूण ॲसिड. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, संत्र्याच्या रसाचा साडेतीनच्या. तरी रसाला कॉस्टिक कितीतरी जास्त लागतं.

कोकम सरबत आलं तर फिनॉल्फथॅलिन बाजूलाच ठेवा. कोकमाचा लाल रंग अल्कलीत स्वतःच बदलतो, त्यामुळे कुठला रंग कोणाचा हे कळत नाही. तिथेही मीटरच.