टीसी काढायच्या आधी

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष मी नांदेडला केलं, दुसऱ्याला संभाजीनगरला आले. गाव सेलू, त्यामुळं दोन्हीकडं त्याच रेल्वे लाइननं जाणं. पण नांदेडचं कॉलेज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली आणि इथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली. 1994 पर्यंत सगळा मराठवाडा एकाच विद्यापीठात होता. मामा त्याच काळातले, म्हणून त्यांचं एकच म्हणणं: "टीसी आण, काम झालं." तेवढ्यावर विसंबले आणि फसता फसता वाचले.

बदललं कशासाठी, तर प्रॅक्टिकलसाठी. रसायनशास्त्राला एका ब्युरेटमागं आम्ही पाच जण. एकानं कॉक फिरवायचा, बाकीच्यांनी रीडिंग उतरवायचं. फिनॉल्फ्थेलिनचा फिकट गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला येतो, हे मी वर्षभर लोकांच्या खांद्यावरून पाहिलं. इथं एका ब्युरेटमागं दोघी असतो. शिवाय मुकुंदवाडीला मामांचं घर, म्हणजे रूमचं भाडं वाचलं. मैत्रीण चाललीय म्हणून निघाला असाल तर मात्र थांबा. तिचे विषय वेगळे असतील तर वर्गातही भेट व्हायची नाही.

आधी जागा बघा. दुसऱ्या वर्षाला बहुतेक कुणी सोडून गेलं तरच जागा निघते. "जागा आहे" असं ऐकलं की लगेच विचारा, अनुदानित तुकडीत की विनाअनुदानित? वर्ग तोच, शिकवणारे बऱ्याचदा तेच, फी मात्र पार वेगळी. मी हे विचारलं नव्हतं. फीचा आकडा ऐकून पप्पा काउंटरपाशीच गप्प झाले. मग दुसरं कॉलेज शोधलं.

खरी डोकेदुखी विषयांची. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा विषय, कौशल्याचे पेपर असं बरंच काही असतं, आणि दोन विद्यापीठांची मांडणी जुळेलच असं नाही. माझं मेजर रसायनशास्त्र, मायनर वनस्पतिशास्त्र. इथल्या मॅडमनी माझी गुणपत्रिका आणि त्यांचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवला आणि पेन्सिलनं एकेका पेपरला टिक करत गेल्या. दोन ठिकाणी पेन्सिल थांबली. एक पेपर समकक्ष धरला; दुसरा, म्हणाल्या, इथं पुन्हा द्यावा लागेल. ही पेन्सिल फिरल्याशिवाय पुढं एक पाऊल टाकू नका. जाताना दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पहिल्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम आणि एबीसी आयडी, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याचा नंबर, न्या. क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. एटीकेटी, म्हणजे एखादा विषय राहिलेला, असेल तर तेही तोंडावर सांगा, नंतर निघालं की जास्त अडतं.

आता टीसी. नव्या कॉलेजनं प्रवेश देऊ असं लेखी दिल्याशिवाय ती काढायची नाही. टीसी हातात आली की जुन्या कॉलेजात तुम्ही कुणी नसता. माझ्या ओळखीतल्या एकानं आधी टीसी काढली, तोवर नव्या कॉलेजातली जागा भरून गेली, आणि पोरगं गणपतीपर्यंत दोन्हीकडं चकरा मारत होतं.

टीसीसाठी नो ड्यूजचा कागद फिरवावा लागतो: ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना. माझा जिमखान्यात अडकला. मी वर्षभरात तिथं पाऊल टाकलं नव्हतं, तरी सही हवीच, आणि सर गावाला गेलेले. तीन दिवस गेले. प्रयोगशाळेत फुटलेल्या पिपेटचे पैसे भरले. फोडली कुणी, देव जाणे.

त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या कॉलेजात जाणार असाल तर दोन्ही कॉलेजांच्या ना हरकतीवर आणि विद्यापीठाच्या परवानगीवर भागतं. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, लागतं. त्यासाठी विष्णुपुरीला विद्यापीठात गेले. जाताना टीसीच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या, कारण मूळ प्रत एकदा जमा झाली की परत मिळत नाही.

मायग्रेशन दिलं म्हणजे सुटलो असं वाटतं, पण नव्या विद्यापीठाची पात्रता, म्हणजे तुमचा प्रवेश त्यांनी मान्य करणं, बाकी असते. तिची फी भरल्याची पावती जपा. परीक्षेचा फॉर्म भरताना माझ्या नावापुढं "पात्रता प्रलंबित" आलं होतं. पावती पर्समध्ये होती, घडी पडून फाटायला आलेली. क्लार्क काकांनी ती टेबलाच्या काचेखाली सरळ केली, नंबर वाचला आणि फॉर्म पुढं सरकवला.