आधी आपली पट्टी शोधा, मग खर्ज लावा

हौसेने गाणाऱ्यांचा आवाज बहुतेक वेळा वाईट नसतो, पट्टी, म्हणजे सा धरायची उंची, चुकलेली असते. मूळ गाण्याच्याच पट्टीत गायचा हट्ट धरला की वरच्या सुरांना गळ्याच्या शिरा ताणतात, हनुवटी वर जाते आणि आवाज चिरकतो. म्हणून फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि आपला सा शोधा. पुरुषांना साधारण काळी एक-काळी दोन (पेटीच्या सप्तकातली पहिली-दुसरी काळी पट्टी), बायकांना काळी चार-काळी पाचच्या आसपास सोयीचं पडतं. तिथून थोडं खाली-वर करून बघा. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ऐकू येईल इतपत लागला आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) न ओरडता गाठता आला, तर ती पट्टी तुमची.

मग रोज सकाळी १५ मिनिटं खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. सा, नी, ध, प असं एकेक पायरी उतरत प्रत्येक स्वरावर आकार, म्हणजे लांब 'आ', धरायचा. जबडा सैल, खांदे खाली. पुष्कळांचा 'आ' नकळत 'अ' होतो, माझाही व्हायचा. आरशात बघा, दोन बोटं एकावर एक आत जातील एवढं तोंड उघडं हवं. खाली जाताना आवाज दाबून जाड करू नका, जेवढा येतो तेवढाच येऊ द्या.

आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करून ऐका. श्वास संपत आला की सूर किंचित उतरतो, हे गाताना कळत नाही, ऐकताना लगेच कळतं. अशा वेळी स्वर थोडा आधीच सोडायचा.

घसा दुखत असेल त्या दिवशी रियाज नको. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.