घरच्या ब्रेडचा भाव कसा काढायचा : माझ्या वहीतला हिशेब

माझ्या पहिल्या ब्रेडचा भाव मी ओट्याशी उभ्या उभ्या ठरवला होता. खालच्या दुकानात ब्राउन ब्रेड ५५ ला मिळत होता. आपला घरचा, ताजा, म्हणून ६०. जिन्नस मोजले तर १९ रुपयांचे निघाले. ‘एका ब्रेडमागे ४१ रुपये सुटतात,’ असं मी नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो म्हणाला, ‘मग डब्यात पैसे दिसत का नाहीत?’ राग आला, पण त्याच रात्री मुलाची जुनी चौकटीची वही घेऊन बसले. मुलुंडसारख्या ठिकाणी घरून ब्रेड विकायचा असेल, तर त्या वहीतला हिशेब उपयोगी पडेल.

सुरुवात वजनापासून. मी पाकिटावर ४५० ग्रॅम लिहायचे, कारण टिनमध्ये ४६० ग्रॅमचा गोळा जायचा. आमच्याच विंगमधल्या एका आजींनी तो घरच्या काट्यावर ठेवला आणि फोन केला, ‘अगं, चारशेच भरतोय की!’ लाज वाटली. भाजताना पाणी उडून जातं, साधारण १० ते १५ टक्के वजन घटतं. तेव्हापासून ब्रेड पूर्ण गार झाल्यावर तोलते आणि ४०० लिहिते. भावही त्या ४०० ग्रॅमचाच काढायचा, कणकेच्या गोळ्याचा नव्हे.

आता एका घाण्याचा हिशेब. एकेका ब्रेडचा काढायला गेलं की निम्म्या गोष्टी निसटतात, म्हणून मी घाणा धरते. माझ्या ६० लिटरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या ओव्हनमध्ये, चार टिन बसतात. दोनदा भाजलं की आठ ब्रेड, तो माझा एक घाणा.

आठांना एक किलो गव्हाचं पीठ आणि एक किलो ५० ग्रॅम मैदा लागतो. गहू आणि दळणाची मजुरी मिळून पीठ ५५ ला पडतं, मैदा ४५ चा, म्हणजे दोन्ही मिळून १०२ रुपये. यीस्ट २० ग्रॅम, १२ रुपये. तेल १६, गूळ ६, मीठ १, वरून भुरभुरवायचे तीळ आणि जवस १५. झाले १५२. भागिले आठ, १९. माझा हिशेब इथेच थांबला होता. बहुतेकींचा इथेच थांबतो.

विजेसाठी कागदावरच्या वॉटवर जाऊ नका. ओटीजी २००० वॉटचा असला तरी थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद होतो. मी एका दुपारी फ्रिज सोडून घरातलं सगळं बंद केलं आणि भाजायच्या आधी नि नंतर मीटर वाचला. दोनदा भाजून आणि मिक्सर धरून २.४ युनिट. दर मात्र सरासरीचा धरायचा नाही. महावितरणचं बिल स्लॅबने वाढतं आणि ओटीजीचे युनिट घरच्या पंखा-दिव्यांच्या वर चढतात, म्हणून वरच्या स्लॅबचा दर घ्यायचा. मी १५ धरते. झाले ३६.

पाकीट, लेबल, तार आणि कागदी पिशवी ब्रेडमागे ७, म्हणजे ५६. बटर पेपर, साबण, पाणी १०. ओटीजी, स्टँड मिक्सर आणि टिन मिळून २६,००० घातले होते. तीन वर्षं टिकतील असं धरलं, आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला साधारण १५० घाणे, तर घाण्यामागे ५८. बेरीज ३१२. म्हणजे स्वतःच्या कष्टाचा एक पैसा न धरता ब्रेड ३९ ला पडत होता.

आता मजुरी. तोलणं-मळणं अर्धा तास, वळून टिनमध्ये घालणं २५ मिनिटं, काप करून पॅक करणं ४०, आवराआवर २५, आणि ‘ताई, खाली येता का’, ‘वहिनी, उद्या घेतलं तर चालेल का’ यात अर्धा तास. अडीच तास झाले. पीठ फुगत असतं तेव्हा मी कुकर लावते, म्हणून तो वेळ धरत नाही. तासाचा दर किती धरायचा यावर दोन दिवस अडले. शेवटी उत्तर घरातच सापडलं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई रोज पाऊण तास येतात आणि महिन्याला ३००० घेतात. म्हणजे तासाला १३३. आणि मी? ६० च्या भावाने आठ ब्रेड विकून ४८०, वजा ३१२, उरले १६८. अडीच तासांचे! तासाला ६७. ताईंच्या निम्मे. त्यांना हे सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या.

मी स्वतःला १५० लावले. मजुरी ३७५, एकूण ६८७.

यात अजून तूट नाही. शंभरातले पाच ब्रेड जातातच : एखादा बसतो, एखादा करपतो, एखादा कुणी सांगून नेतच नाही. पावसाळ्यात तर कोमट ब्रेड पाकिटात गेला की दोन दिवसांत हिरवा. आता पंख्याखाली दोन तास, जुलै-ऑगस्टमध्ये तीन तास ठेवल्याशिवाय सुरी लावत नाही. म्हणून ६८७ ला आठाने नाही, ७.६ ने भागायचं. आले ९० रुपये. त्यावर २० टक्के नफा, १०८. मी ११० केला. मजुरी आणि नफा वेगळे ठेवा. मजुरी तुमची, नफा धंद्याचा. पुढचा मिक्सर त्यातूनच येतो.

६० वरून ११० सांगायला तोंड उघडेना. शेवटी ग्रुपवर एवढंच लिहिलं : ‘१ तारखेपासून ४०० ग्रॅमचा ब्रेड ११० रुपये. मंगळवारी आणि शुक्रवारी मिळेल. ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत.’ कारणं दिली नाहीत, क्षमस्व लिहिलं नाही. बावीस नेहमीच्यांपैकी सात गेले, तीन परत आले. सासूबाईंच्या भिशीतल्या एक काकू म्हणाल्या, ‘एवढ्यात तर दोन लाद्या पाव येईल आणि पैसे उरतील.’ खरंच येईल. पाववाल्याची भट्टी दिवसाला शेकड्यांनी पाव काढते, माझी चार टिन. त्या भावाशी आपण झुंजायचंच नाही.

भावापेक्षा जास्त फायदा वार ठरवल्याने झाला. आधी कुणी कधीही एक ब्रेड मागितला की मी पीठ मळायला घ्यायचे. आता दोनच दिवस, एका वेळी सोळा. सोळांना पाच नाही, चारच तास लागतात. मिक्सर-ओटीजीचा खर्चही जास्त ब्रेडवर वाटला जातो, म्हणून सगळं धरून सोळांच्या घाण्यात ब्रेड साधारण ७८ ला पडतो. फक्त दिवस ठरवताना कॅलेंडर बघा. संकष्टीला आणि नवरात्रात निम्मी ऑर्डर गळते. पहिल्या वर्षी एका अंगारकीला सोळा ब्रेड करून बसले होते. आठवडाभर आम्हीच खाल्ले.

अर्ध्या ब्रेडचा भाव अर्धा नसतो. २०० ग्रॅमचा ६५ ला देते, कारण पाकीट, लेबल, हेलपाटा तेवढाच. वजन पकडणाऱ्या आजी आता तोच घेतात.

एका दुकानाने ब्रेड ठेवायची तयारी दाखवली. ३० टक्के त्यांचे, उरलेला माल परत. मला हरखून जायला झालं. मग वही काढली : ११० मधून ३३ गेले की ७७ उरतात आणि मला पडतो ७८ ला. प्रत्येक ब्रेडमागे एक रुपया घालून वर शिळा माल घरी आणायचा! दुकानाला द्यायचंच असेल तर भाव आधीपासून त्या हिशेबाने हवा आणि माल परत घेणार नाही हे आधीच सांगायला हवं.

कागदपत्रं थोडक्यात. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी ऑनलाइन होते, मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. नंबर लेबलवर घालायचा, सोबत जिन्नस, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचा ते आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका. साध्या ब्रेडवर जीएसटी नाही, केकवर आहे. पण आपण पाकिटांवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, म्हणून पाकिटाचा भाव करासकट धरा.

भाव पुन्हा कधी वाढवायचा, हे मला नेहमी विचारतात. पीठ किलोमागे पाच रुपयांनी महागलं की मैत्रिणी घाबरून फोन करतात. एका ब्रेडला जेमतेम २५६ ग्रॅम पीठ-मैदा लागतो, म्हणजे सव्वा रुपया. तेवढ्यासाठी गिऱ्हाइकाला हलवत नाही. वीज, पाकिटं आणि पोळ्यावाल्या ताईंचा दर वाढला की मात्र वही उघडते. त्यांनी गेल्या महिन्यात ३००० चे ३५०० केले. पाडव्याला माझा ब्रेड १२० होईल.