गल्लीतली झाडं मुलांसोबत ओळखायची तर पान नेमकं कुठून सुरू होतं ते आधी बघा

मुलांना झाडं ओळखायला शिकवायचं असेल तर एकदम पन्नास नावं नका घेऊ, आपल्याच गल्लीतली सात-आठ झाडं धरा आणि दर रविवारी त्याच झाडांकडे जा. आमच्याकडे सुरुवात कडुनिंबापासून झाली, कारण मुलगी म्हणाली बघ किती छोटी छोटी पानं, आणि मग कळलं की ती पानं नाहीतच, जी अख्खी डहाळी वाटते ते एक पान आणि ती छोटी छोटी म्हणजे त्याच्या पर्णिका, पानाचे तुकडे. ओळखायची खूण सोपी आहे, पानाच्या देठाच्या बगलेत, फांदीला चिकटून बारीक डोळा, म्हणजे नव्या फुटव्याची कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. हे एकदा समजलं की गुलमोहर, चिंच, शेवगा सगळं पटापट लागतं.

तसंच सोसायटीच्या कंपाउंडला लावलेला उंच सरळ अशोक, तो खरा अशोक नाहीच, त्याची पानं लांब, एकेकटी आणि लाटेसारख्या कडांची. खऱ्या सीताअशोकाला कडुनिंबासारखं पर्णिकांचं संयुक्त पान आणि केशरी-लाल फुलांचे घोस.

फोटोवरून झाड ओळखणारं गूगल लेन्स वापरा पण फोटो फक्त फुलाचा नको, पानाची मागची बाजू आणि देठाचा सांधाही घ्या. आणि हो, रुई-कण्हेरीचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, गाजरगवताला तर हातच नको, खाज सुटते. पडलेली पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवा, पावसाळ्यात कागद रोज बदला नाहीतर बुरशी धरते.