‘समजलं का?’ ‘होऽऽ!’ आणि घरी सगळं पूर्वीसारखंच: गावात आरोग्यशिक्षण देताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात आरोग्याचा कार्यक्रम कसा होतो, हे डोळे मिटून सांगता येतं. शाळेच्या व्हरांड्यात बॅनर, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, पाऊण तास भाषण, ‘समजलं का?’ म्हटल्यावर मुलांचा एका सुरात होकार, मग फोटो आणि बिस्किटाचा पुडा. शिकवणारे प्रामाणिक असतात, माहितीही बरोबर असते. बिघडतं ते आखणीतच. कागदावर ‘रक्तक्षय’, ‘स्वच्छता’, ‘व्यसनमुक्ती’ असा विषय असतो, पण उद्यापासून कोणी काय करायचं हे कुठेच नसतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

विषय घेतला, कृती घेतली नाही

‘रक्तक्षय’ एका तासात शिकवता येत नाही. ‘सहावी ते आठवीच्या मुलामुलींनी आठवड्याची निळी गोळी पोषण आहारानंतर वर्गातच घ्यायची’ हे शिकवता येतं. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, पण मुलांना त्या आकड्यांचं काही पडलेलं नसतं. त्यांना मळमळतं. शौचाला काळी होते आणि कोणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून घरचे घाबरतात. एवढ्यावरच बोला: गोळी उपाशीपोटी नको, काळी शौच हा लोहाचा परिणाम आहे, आणि जेवणाला जोडून चहा नको, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. ‘हिरव्या पालेभाज्या खा’ हे भर उन्हाळ्यात सांगून काय उपयोग? पावसाळ्यात धुऱ्यावर (बांधावर) तरोटा, म्हणजे टाकळ्याची भाजी, फुकट उगवतो, तेव्हा सांगा, वर लिंबू पिळायलाही सांगा.

ज्याच्या हातात काही नाही, त्यालाच उपदेश

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून ‘मास्क लावा, हातमोजे घाला’ असे कार्यक्रम होत असतात, आणि समोर बसलेले असतात रोजीनं जाणारे मजूर. मास्क आणायचा कोणी, दोन औषधं एकत्र करायची की नाही, उलट्या वाऱ्यात पंप मारायचा की नाही, यातलं बरंचसं मालक ठरवतो. एखादा मजूर उठून म्हणतो, ‘समजलं ना बाप्पा सारं, पण मालक म्हणते आजच मारून टाक.’ यावर भाषण करणाऱ्याकडे उत्तर नसतं. त्या बैठकीला शेतमालक आणि कृषी सेवा केंद्राचा दुकानदार हवाच. मजुरासाठी त्याच्या हातात असलेलं तेवढंच ठेवा: वाऱ्याकडे पाठ, पूर्ण बाह्या, नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, घरी आल्यावर आधी अंघोळ, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे. चक्कर किंवा उलटी सुरू झाली की काम थांबवून दवाखाना गाठायचा, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्यायची. डॉक्टरांना विष कोणतं ते कळलं पाहिजे.

सिकलसेल शिकवताना होणारं नुकसान

इथे थोडं थांबू, कारण या विषयात चुकीचं शिकवणं हे न शिकवण्यापेक्षा वाईट. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आई-बापाकडून येणारा आजार. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात तो घराघरातला आहे. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या, त्यामुळे शाळेत यावर बोलणंही वाढलं.

पहिली गफलत ‘चारपैकी एक’ची. आई-बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे आजाराचा दोष अंगात असून स्वतः रुग्ण नसतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. फळ्यावर चार बाहुल्या काढून एक लाल रंगवली की बाईला वाटतं, एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील. त्याऐवजी दोन डबे घ्या, एक आईचा, एक बापाचा; प्रत्येकात एक खडा (आजाराचा दोष) आणि एक चिंचोका (दोष नाही). डोळे मिटून दोन्ही डब्यांतून एकेक काढायचा. दोन खडे आले तर मूल रुग्ण, एक खडा एक चिंचोका तर वाहक, दोन्ही चिंचोके तर आजार नाही. काढलेलं परत टाकून पुन्हा काढायचं, हे विसरू नका, सगळा धडा त्यातच आहे. वर्गातल्या जोड्यांनी हे चार-चार वेळा केलं की कोणाकडे लागोपाठ दोनदा खडे येतात, कोणाकडे एकदाही येत नाहीत. मग सांगायला फारसं उरत नाही.

दुसरी गफलत म्हणजे वाहक आणि रुग्ण एकाच तोंडानं सांगणं. वाहक सहसा धडधाकट असतो, त्याला औषध लागत नाही.

तिसरी सगळ्यांत महागात पडणारी: तपासणीचे निकाल वर्गात वाचून दाखवणं, नाहीतर यादी नोटीस बोर्डावर लावणं. गावात ती बातमी संध्याकाळपर्यंत सोयरिकीपर्यंत पोहोचते, आणि भोगावं लागतं मुलीला. निकाल एकेकाला, आई-बापासोबत, बंद खोलीत सांगायचा. लग्नाआधीच्या तपासणीबद्दल बोलताना ‘मुलीची’ म्हणू नका, दोघांची म्हणा.

वर्गात रुग्ण मूल असेल तर पहिला धडा शिक्षकांना द्या. त्याला हवं तेव्हा पाणी पिऊ द्यायचं, लघवीला जाऊ द्यायचं, उन्हात कवायतीला उभं करायचं नाही, ताप किंवा हाडं दुखू लागली तर ‘नाटक करतो’ म्हणायचं नाही. आणि वरची निळी गोळी अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

तारीख कार्यालयाची, हंगाम गावाचा

भंडारा-गोंदियात धानाची रोवणी चालू असताना सकाळी ११ वाजता महिला मेळावा ठेवला, तर सतरंजीवर अंगणवाडीताईच बसलेल्या दिसतील. तेंदूपानाच्या दिवसांत गडचिरोलीतली गावं पहाटेच रानात जातात. पश्चिमेकडे सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी. रात्री जेवणं झाल्यावर समाजमंदिरात बसा, माणसं येतात.

विषयही हंगामापुढे हवा, मागे नको. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून सर्पदंश पहिल्याच आठवड्यात घ्या: दोरीनं आवळायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, १०८ ला फोन करायचा. गाडी यायला उशीर झाला तर गावात रात्री कोणाची गाडी निघते आणि सापाची लस कोणत्या दवाखान्यात असते, हे मुलांनाच शोधून भिंतीवर लिहू द्या.

सांगितलं, करून घेतलं नाही

गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न टाकत आणि लोकांकडून उत्तर घेतल्याशिवाय पुढे सरकत नसत, त्याआधी गाव झाडलेलं असे. आपण स्लाइड दाखवतो. जुलाबात द्यायच्या ओआरएसचंच (मीठ-साखरेच्या पुडीचं) बघा. पाकीट एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं असतं, पण घरी पेलाभर पाण्यात चिमूटभर टाकतात. लिटर म्हणजे घरातलं कोणतं भांडं, हे त्या आईनं स्वतः मोजून दाखवल्याशिवाय कार्यक्रम संपवू नका.

अडलं तर

*मुली पाळीबद्दल बोलत नाहीत.* बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या, बाईंकडून उत्तरं द्या. त्याआधी शाळेच्या संडासात पाणी आणि झाकणाचा डबा आहे का ते पाहा. नसेल तर बोलणं शाळा व्यवस्थापन समितीशी.

*खर्ऱ्यावर (तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या पुडीवर) सांगितलं, पोरं हसतात.* सरांच्या खिशात पुडी असेल तर हसणारच. शिवाय बापाला सुधारण्याचं काम पोरावर टाकू नका, मार त्याला बसतो. पालकसभेत एकच मागणं करा: पोराला खर्रा आणायला पाठवू नका. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ठेला लावायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे, हे ठेलेवाल्याला सरपंचांनी सांगावं.

*कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या आदिवासी घरात मराठी पोहोचत नाही.* दुभाषा शोधू नका, गावातल्याच बाईला शिकवून तिलाच पुढे करा. ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत गावच्या बायकांनाच नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू घटल्याचा तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

*उपयोग झाला की नाही, कळत नाही.* हजेरीची वही आणि फोटो त्यासाठी निकामी. महिन्याभरानं दहा घरी जा. ‘ओआरएस माहीत आहे का?’ असं विचारू नका, ‘पाकीट दाखवा’ म्हणा. एकाही घरात निघालं नाही, तर पुढचं भाषण रद्द करून आधी आशाताईंच्या पेटीत पाकिटं आहेत का ते बघा.