जोसेफसन जंक्शन थंड करण्यापूर्वीची तयारी

नायोबियमच्या पातळ फितीवरील सपाट जोसेफसन जंक्शनचा (दोन अतिवाहकांना जोडणाऱ्या क्षीण दुव्याचा) क्रांतिक प्रवाह, म्हणजे रोधाविना वाहू शकणारा कमाल प्रवाह, चुंबकीय क्षेत्रानुसार कसा बदलतो हे मोजण्यापूर्वी, जंक्शनजवळ एकही चुंबकीय भोवरा (अतिवाहकात शिरलेला चुंबकीय क्षेत्राचा बारीक धागा) अडकणार नाही याची तजवीज करावी. ही तजवीज नमुना ९.२ केल्व्हिनच्या, म्हणजे नायोबियम अतिवाहक होण्याच्या तापमानाच्या, खाली उतरण्याआधीच व्हायला हवी, कारण अतिवाहकता सुरू होताना भोवताली जे क्षेत्र असते, ते भोवऱ्यांच्या रूपाने पटलात (धातूच्या पातळ थरात) अडकून राहू शकते.

सर्वप्रथम रुंदीचा हिशेब करावा. प्रत्येक भोवऱ्यात सुमारे २.०७ फेम्टोवेबर इतका फ्लक्स (चुंबकीय क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) असतो. ५० मायक्रोटेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राइतके, क्षेत्र रुंद पटलाला लंब असेल, तर दर ४० चौरस मायक्रोमीटरमागे साधारण एक भोवरा येतो. अरुंद फीत मात्र भोवरे बाहेर लोटते. फ्लक्सच्या या क्वांटमला (एका भोवऱ्यातल्या ठरावीक फ्लक्सला) रुंदीच्या वर्गाने भागले की कोणत्या क्षेत्रापर्यंत ती मोकळी राहील याचा अंदाज मिळतो. ५ मायक्रोमीटर रुंदीला हा आकडा ८३ मायक्रोटेस्ला येतो, तर १० मायक्रोमीटरला जेमतेम २१, म्हणून दुसऱ्या फितीसाठी म्यू-मेटलचे (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे) कवच अनिवार्य समजावे. जोडतारांसाठीचे रुंद चौकोन जंक्शनपासून दूर ठेवावेत.

नमुन्याजवळचा प्रत्येक स्क्रू आणि कनेक्टर लहान चुंबकाने तपासावा. सोन्याच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असतो आणि तो हमखास नजरेतून सुटतो. थंड करताना मापनाचा प्रवाह आणि क्षेत्र निर्माण करणाऱ्या गुंडाळीचा प्रवाह दोन्ही बंद असावेत. तापमान सावकाश उतरवावे, कारण नमुन्यात तापमानाचा उतार राहिला तर तापविद्युत प्रवाह स्वतःचे क्षेत्र निर्माण करतात.

एवढा खटाटोप का, हेही मापन करणाऱ्याने समजून घ्यावे. भोवऱ्याभोवती एक फेरी पूर्ण झाली की अतिवाहक अवस्थेची कला (तिच्या तरंगाची फेज) ३६० अंशांनी बदलते, आणि भोवऱ्याच्या जागेवरून जंक्शन जेवढ्या कोनात दिसते, जवळपास तेवढाच कलाबदल जंक्शनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरतो. दूरचा भोवरा त्यामुळे फारसा जाणवत नाही. पण अगदी कडेशी अडकलेला एकच भोवरा सुमारे १८० अंशांचा बदल घडवतो, जंक्शनच्या दोन अर्ध्या भागांतले प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि क्रांतिक प्रवाहाच्या आलेखात शून्य क्षेत्रावर शिखराऐवजी खळगा दिसतो. स्टॉकहोममधील संशोधकांनी २०१० मध्ये एकट्या भोवऱ्याचा असा कलाबदल मोजला आणि २०१५ मध्ये भोवऱ्याचा वापर स्मृतीचा एक बिट म्हणून करून दाखवला. भोवरा हवा असो वा नको, त्याची जागा माहीत असणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

पहिल्या आलेखाची कसोटी आधीच ठरवून ठेवावी. प्रवाह आणि क्षेत्र या दोहोंची दिशा एकदम उलटवल्यावर आलेख मूळ आलेखाशी जुळला पाहिजे. जुळला नाही, तर अधिक वाचने घेऊन सरासरी काढत बसू नये. नमुना १० केल्व्हिनच्या वर नेऊन पुन्हा सावकाश थंड करावा आणि अशा प्रत्येक फेरीची नोंद वहीत तारीख-वेळेसह करावी.